माझ्या नावावर सुलाबाई

११ डिसेंबर

सुलाबाईच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. अंगठा तेवढा राहिला.

परभणीच्या दवाखान्यातून आत्ताच सेलूला परत आले. डोकं चालत नाही. पण लिहिलं नाही तर वेड लागेल.

कामावर आज मी जायचं होतं. पोरीला ताप, म्हणून माझ्या बदली ती गेली. थोरली जाऊ माझी. "तू बस पोरीजवळ, मी येते जाऊन," म्हणाली आणि चप्पल घालून निघाली पण. दुपारी नवऱ्याचा, भागवतचा फोन — त्याच्याच रिक्षात घालून नेलं तिला. जिनिंगच्या मशीनमध्ये कापूस सारताना बाही रोलरमध्ये गेली म्हणे. रोलरवर जाळी नाही. दिवाळीपासून काढून ठेवलीय, साफ करायला सोपं पडतं म्हणून!

१३ डिसेंबर

मुकादम बजरंग सफरचंदं घेऊन आला. जिनिंगला बाया पुरवायचा ठेका त्याचा. एरवी हाक मारली तरी न थांबणारा माणूस, आज खाली सतरंजीवर बसला. तेव्हाच समजले, काहीतरी शिजतंय.

"सविता, त्या दिवशी तू कामावर होतीस. तुझीच हजेरी हाय. सुलाबाई तुला डबा द्यायला आल्ती अन् मशीनजवळ गेली. कुनी इचारलं तर इतकंच सांगायचं."

"मी तर घरी होते."

"ते मला ठाऊक हाय. पन करारात तुझं नाव हाय, तिचं न्हाई. तुझं काम ऱ्हाईल, तिच्या दवाखान्याचं मी बघतो."

म्हणे करारात नाही! बदली काय काल सुरू झाली? हाच माणूस आदल्या संध्याकाळी विचारायचा, "उद्या तुझ्या जागी कोन यायलंय?" एकीचं बाळंतपण, एकीकडे मयत, एकीचं पोर आजारी, मग बहीण जाते, सून जाते, जाऊ जाते. हजेरी जुन्याच नावावर पडते आणि मजुरी आम्ही आपसात बघतो. बजरंगला डोकी पुरी लागतात, तोंडाकडे तो बघत नाही. असं आहे म्हणून तर आम्हाला काम झेपतं.

सफरचंदं तशीच पडलीत. पोरीला पण दिली नाहीत.

१४ डिसेंबर

जिनिंगच्या मॅनेजरकडे गेले. त्याने करार काढला आणि शाळेतल्यासारखा वाचून दाखवला. यादीत नाव असलेल्या बायाच कामगार. यादीबाहेरचं कोणी आत आलं तर ते परकं माणूस, त्याला काही झालं तर जिनिंग जबाबदार नाही आणि मुकादमही नाही.

मी म्हटलं, "सकाळपासून तुमचाच कापूस सारत होती ती. परकी कशी?"

"मॅडम, मी लिहिलेलं वाचतोय."

आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला मॅडम म्हटलं, तेही हाकलून लावायला.

१६ डिसेंबर

सिद्धोधन वकिलांकडे. कोर्टासमोर त्यांची छोटी खोली आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये बोलले नाहीत, हे मला आवडलं.

"हा करार मालकाचा आन् बजरंगचा. त्या दोघांनी ठरवलं म्हणून सुलाबाई परकी होत न्हाई. मशीनवर काम कोन करत होतं, कोनासाठी करत होतं, हे बघतो कायदा."

मला वाटलं, सुटलो. पण पुढे म्हणाले, "बजरंग म्हननार, ती डबा द्यायला आल्ती. म्हनून बदली चालते आन् ती मुकादमाला ठाऊक असते, हे टोळीतल्या बायांनी सांगावं लागंल. तुमी तिच्या जाऊ, तुमच्या एकटीच्या सांगन्यावर न्हाई भागायचं."

कामगार ऑफिसात अर्ज दिला. सुलाबाईला मी फक्त वकिलांकडे गेले होते एवढंच सांगितलं.

१९ डिसेंबर

बायांना जेवणाच्या सुट्टीत सगळं सांगितलं. दगडाबाईच अंगावर आली. ती बजरंगच्या गावची, तिकडून टेम्पोने येते. तोंडाची फटकळ, पण माझ्याशी चांगली होती.

"नावं कामून उकरायलीस? हाफिसात सांगितलं तर उद्यापासून बदली बंद. मंग आजारी पडायची पन सोय न्हाई. तुझ्या जावंची बोटं गेली, आमी काय पोटावर पाय आनून घ्यायचा?"

राग आला. जेवण तसंच ठेवून उठले. पण खोटं काय बोलली ती? बदली बंद झाली तर पहिली मीच घरी बसेन. मलाच दोन लेकरं आहेत.

२० डिसेंबर

पाणी प्यायला गेले तर बाया उठून दुसरीकडे बसल्या.

२४ डिसेंबर

सुलाबाई घरी आली. सकाळी डाव्या हाताने पीठ मळायला बसली. परात सारखी घसरत होती. मी धरायला गेले तर म्हणाली, "राहू दे, जमतंय." जमत नव्हतं. मी आत जाऊन रडले. ह्या घरात लग्न होऊन आले तेव्हा मला भाकरी करता येत नव्हती. सासूच्या नजरेआड माझ्या वाटच्या भाकरी ही थापायची.

संध्याकाळी म्हणाली, "सविता, माझ्यापायी बायांचं काम घालवू नको. म्हन बाई, डबा द्यायला आल्ते म्हनून."

"तुमी गप बसा," म्हटलं. थोरल्या जावेला असं बोलतात का! पण बोलले.

२८ डिसेंबर

भागवतशी भांडण. त्याचं म्हणणं, बजरंग दवाखान्याचं बघतो म्हणतोय तर बघू दे, कोर्टात आपली म्हातारपणं निघतील. मी विचारलं, पुढच्या साली तिला कामावर कोण घेणार? विधवा बाई, बोटं नाहीत, आणि कागदावर ती तिथं नव्हतीच. कोणाच्या दारात उभी राहील?

तो रिक्षा काढून निघून गेला. जेवायला आला नाही.

३ जानेवारी

कामगार ऑफिसचे साहेब मंगळवारी जिनिंगमध्ये येणार. सगळ्या टोळीला समोर बसवून विचारणार आहेत. बजरंगने आज बायांना गोळा करून सांगितलं, "जी तोंड उघडंल, तिनं उन्हाळ्यात उचल मागायला माझ्या दारात यायचं न्हाई." माझ्याकडे बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती.

दगडाबाईच्या हातात विळा होता. मान खाली घालून ती पोत्याची शिवण उसवत बसली होती. एकदा वर बघितलं आणि पुन्हा खाली.

५ जानेवारी

वकिलांचा फोन. "कोनी तयार झालं का?"

नाही म्हटलं. ते म्हणाले, "तुमी खरं सांगा. बाकीचं बघू." बाकीचं म्हणजे काय, ते त्यांनाही ठाऊक नसणार.

६ जानेवारी

भीती वाटते. उद्या मी खरं बोलणार आणि सगळ्या मला खोटी पाडणार. माझं काम जाईल, सुलाबाईला काही मिळणार नाही, आणि ह्याच गल्लीत ह्याच बायांची तोंडं बघत राहायचं. बजरंगला हो म्हणाले असते तर? आज दिवसभर हेच डोक्यात. लाज वाटली, पण आलं डोक्यात.

सुलाबाई उद्या येते म्हणतेय. नको म्हटलं, ऐकत नाही.

७ जानेवारी

सुलाबाई आलीच, माझ्याजवळ बसली. साहेबांनी फाटकाशी टेबल मांडून यादी वाचली. माझं नाव आलं. सांगितलं — मी घरी होते, माझ्या जागी सुलाबाई होती. बजरंग हसला. "इचारा साहेब बाकीच्यायला, बदली असं काही असतं का." बाया खाली बघत बसल्या. साहेबांनी पुढचं नाव पुकारलं, "दगडाबाई, वय एकसष्ट."

दगडाबाई उठली. चाळिशीची बाई. पदर सारखा केला.

"मी दगडाबाई न्हाई, साहेब. दगडाबाई माझी सासू. तिला जाऊन चार साल झाले. ह्या बजरंगनंच तिच्या मयताला खांदा दिलता. माझं नाव सगुणाबाई."