मागेपुढे नंबर

इस्लापूर,
१२ सप्टेंबर २०२५

चि. वर्षाराणी हिला आत्याकडून पोटभर आशीर्वाद. वि. वि.

आम्ही सगळे ठीक. वाडीवरच्या शाळेत रेंज येत नाही आणि तू अभ्यासिकेत फोन बंद ठेवतेस, म्हणून कागद घेतला.

कोर्टाचा निकाल तू वाचलाच असशील. ज्यांच्या नोकरीची पाच वर्षांहून जास्त बाकी आहेत, त्यांनी दोन वर्षांत टीईटी, शिक्षकांची पात्रता परीक्षा, पास व्हायचं, नाहीतर घरी बसायचं. माझी अकरा बाकी आहेत. परवाच्या शिक्षण परिषदेत सगळ्यांची तोंडं उतरली होती. आमचे मुख्याध्यापक आनंदराज सर म्हणाले, चोवीस वर्षं पोरांचे पेपर तपासले, आता आपला तपासणार. त्यावर कोणी हसलं नाही.

आमच्या यांनी, तुझ्या बजरंगमामांनी, मात्र मार्ग काढून ठेवलाय. तुलाही हीच परीक्षा द्यायची आहे, तुझंही डी.एड.च, म्हणजे पेपर एकच. आपण दोघींनी नांदेडला एकाच नेट कॅफेत बसून पाठोपाठ फॉर्म भरायचे, म्हणजे नंबर मागेपुढे येतात म्हणे. तू उत्तरपत्रिका जरा तिरपी धरायची. इंग्रजीपुरतीच. बाकीचं मी बघून घेते.

एकवीस तारखेच्या रविवारी फोटो आणि कागदपत्रं घेऊन ये. बी.ए. बाई, घरातली पहिली पदवी काय भिंतीवर टांगायला घेतली का? येताना मामांसाठी लातूरचा चिवडा आण.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
कुशावर्ता आत्या

---

लातूर,
२३ सप्टेंबर २०२५

ती. आत्यांस वर्षाराणीचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. रविवारी मी आले नाही. मी फॉर्म इथूनच भरला आणि केंद्र लातूर टाकलं. तुमचं पत्र येण्याआधी नाही, आल्यानंतर. हे लपवून ठेवणं मला जमणार नाही.

शेजारच्या दोघांना प्रश्नपत्रिकेचे संच वेगवेगळे असतात, हे मामांना सांगा. पण ते काही माझं कारण नाही. संच एकच असता तरी मी दाखवलं नसतं. शिकवणाऱ्याची परीक्षा घ्यावी, असं मला मनापासून वाटतं. चोवीस वर्षांनी घ्यावी का आणि त्यावर नोकरी टांगावी का, याबद्दल तुम्ही मोर्चात गेलात तर मी तुमच्या मागे चालेन. पेपरात मात्र नाही.

राग येईल, तरी लिहिते. चौथीपर्यंत मी तुमच्याकडे राहून तुमच्याच वर्गात शिकले. तुमच्या वेळापत्रकात इंग्रजीचा तास होता आणि त्या तासाला तुम्ही गोष्ट सांगायचात. गोष्टी लई छान असायच्या, अजून आठवतात. पण पाचवीला नायगावला गेले तेव्हा मला इंग्रजीत स्वतःच्या नावापलीकडे काही लिहिता येत नव्हतं. बाईंनी वाचायला उभं केलं की वर्ग हसायचा. घरात सांगावं तर आई-बाबांना त्यातलं काही कळत नव्हतं, आणि तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही.

सोबत पंधरा प्रश्न पाठवते आहे, दहा इंग्रजीचे आणि पाच बालमानसशास्त्राचे. उत्तरं लिहून पाठवा, मी तपासून परत पाठवेन. चिवडा आई घेऊन येईल.

रागावलात तरी चालेल, पत्र थांबवू नका.
तुमची,
वर्षाराणी

---

लातूर,
११ ऑक्टोबर २०२५

ती. आत्यांस सा. न. वि. वि.

तुमचं उत्तर आलं नाही. टपाल रखडलं असेल, असं मी धरून चालते. मागचे पंधरा प्रश्न पुन्हा उतरवून पाठवते आहे, आणि पुढचे पंधरा. इथे माझा अभ्यास सुरू आहे. गणितात वेळ पुरत नाही.

वाट बघते आहे.
वर्षाराणी

---

इस्लापूर,
२९ ऑक्टोबर २०२५

चि. वर्षाराणीस आशीर्वाद. वि. वि.

टपाल रखडलं नव्हतं.

भाऊबीजेला नायगावला आले तेव्हा शेषेरावला ओवाळलं, तुझ्याशी मात्र धड बोलले नाही. तुझी आई म्हणाली, पोरगी तोंड पाडून बसली आहे, काय झालं सांगा. मी म्हटलं, आमच्या दोघींचा अभ्यास चालू आहे.

तीस प्रश्नांची उत्तरं सोबत आहेत. मानसशास्त्राचा सातवा प्रश्न मला पटला नाही. मूल रोज उशिरा येतं, तर शिक्षक काय करेल? शिक्षा, पालकांना बोलावणं, कारण शोधणं, दुर्लक्ष. माझ्या वर्गातला रविकिरण रोज उशिरा येतो. तो शेळ्या सोडून येतो, हे सगळ्या वाडीला माहीत आहे. आता कारण काय शोधू? मी चारही पर्याय सोडून दिले.

इंग्रजीचा तास सोमवारपासून घेऊन राहिले. पहिल्याच दिवशी रविकिरणने विचारलं की बाई, गोष्ट मेली का. बाकी त्या विषयावर मी काही लिहीत नाही.

आत्या

---

लातूर,
६ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यांस सा. न. वि. वि.

तीसपैकी सतरा बरोबर. इंग्रजीत क्रियापदांची रूपं चुकतात, तक्ता सोबत आहे. सातव्या प्रश्नाला ‘कारण शोधणं’ हेच लिहा. पेपर काढणाऱ्याला रविकिरण माहीत नाही. चुकलं तर गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न रिकामा सोडू नका.

गोष्ट मारू नका, शनिवारी सांगा.

तुमची,
वर्षाराणी

---

इस्लापूर,
२४ जानेवारी २०२६

चि. वर्षाराणीस आत्याचे आणि मामांचे भरघोस आशीर्वाद. वि. वि.

तुझा निकाल शेषेरावने फोनवर सांगितला. मी इस्लापूरच्या स्टँडवर होते, तिथेच पेढे घेतले. माझे सहा गुण कमी पडले. इंग्रजीतच पडले. मामा म्हणाले, लेकीने कागद तिरपा धरला असता तर सहाला काय लागत होतं. मी त्यांना म्हटलं की मग पुढची अकरा वर्षं वर्गात कोणाच्या कागदात बघू? त्यावर ते शेताकडे निघून गेले.

आनंदराज सरांनी शाळेत जाहीर करून टाकलं की या घरात नोकरी आहे ती अपात्र आणि पात्र आहे ती बेकार. भरतीची जाहिरात निघेपर्यंत तू दम धर. मीही धरते. माझ्याकडे दीड वर्ष उरलं आहे.

शनिवारी गोष्ट चालू आहे. परवा रविकिरणने फळ्यावर माझं एक स्पेलिंग दुरुस्त केलं. शेळ्या सोडून वेळेवर आला होता. मी खडू त्याच्याच हातात दिला आणि खाली मुलांत जाऊन बसले.

पुढच्या परीक्षेचा फॉर्म मी एकटी भरणार आहे. केंद्र लातूर टाकणार. आदल्या दिवशी तुझ्या खोलीवर उतरेन, सकाळी तू मला फाटकापर्यंत सोड. तिथून परत जा.

तुझ्या प्रश्नांची वाट बघणारी,
कुशावर्ता आत्या