बावीस इंचांत मावलेलं पान

तात्या,

परवा सिगऱ्याच्या बाजारातून मी कॉम्प्युटरचा नवा मॉनिटर आणला. रुंद, बावीस इंची, दुकानातला सगळ्यात स्वस्त. तुम्हाला जाऊन तेवीस वर्षं झाली, त्यामुळे हे तुम्हाला सांगायचं काही कारण नव्हतं. पण त्या मॉनिटरवर जे दिसलं ते तुमच्याशिवाय सांगणार कोणाला? आई नाही, आणि दादा फोनवर म्हणेल, "आता कशाला ते सगळं उकरून काढतेस?"

मी पोथ्या टाइप करते. एक संस्था जुन्या पोथ्यांच्या पानांचे फोटो काढते, ते पेनड्राइव्हवर माझ्याकडे येतात आणि मी पडद्यावर बघून अक्षर अन् अक्षर उतरवते. ज्या मुलीला तुम्ही पोथ्यांपासून लांब केलंत ती पोथ्यांवरच पोट भरते आहे. हात अजूनही लावत नाही म्हणा, फोटोच असतात. दादानं पुण्याला जाताना हे घर माझ्यावर सोडलं आणि तुमच्या सगळ्या पोथ्या त्याच संस्थेला देऊन टाकल्या. मला विचारलं नाही. घरात राहिली ती लाकडी पेटी, आणि तिच्यावर माझा कॉम्प्युटर. या वर्षी त्या पेनड्राइव्हवर पणजोबांच्या हातची मुहूर्ताची पोथी आली. आपली. जिचं सदतिसावं पान मी माकडाला चारलं, ती.

तो आश्विन मला तासातासानं आठवतो. पाऊस संपला की तुम्ही पोथ्यांना ऊन द्यायचात. बालाजी घाटाच्या वरच्या अंगाला आपली गच्ची, तिच्यावर सतरंज्या, सतरंज्यांवर सुटी पानं, प्रत्येक गठ्ठ्यावर घाटावरून आणलेला एक गोटा. मी तेरा वर्षांची आहे, हातात काठी. आईनं खालून बजावलंय, "बंदर आले की नुसती काठी आपट, मारू नको, अंगावर येतील." दोन वर्षांपासून तुम्ही मला दादाच्या शेजारी बसवून शिकवत होतात. पहिलं पान न अडखळता वाचलं त्या दिवशी तुम्ही मला स्वतःच्या हातानं तासलेला बोरू दिला होतात, आणि मी तो उशाशी घेऊन झोपायचे. म्हणून मी वाचत बसले. एक गठ्ठा पुढ्यात ओढला आणि वाचत सुटले, काठी बाजूला पडून होती. संध्याकाळी तुम्ही पानं मोजून रुमालात बांधायला घेतलीत आणि छत्तिसानंतर अडतीस आलं. गच्ची तीनदा झाडली. शेजाऱ्यांचं छत, खालची गल्ली, सगळं धुंडाळलं. बंदरानंच नेलं असणार, असं ठरलं. मग तुम्ही मला विचारलंत, "काय करत होतीस?" मी खरं सांगितलं. तुम्ही आवाज चढवला नाहीत, तेच वाईट होतं. "राखायला बसवलं होतं, वाचायला नाही," म्हणालात. "उद्यापासून आईला मदत कर." आई मला म्हणाली, "त्यांचा क्रोध सांजेपर्यंत राहत नाही गं." तो सात वर्षं राहिला, माझं लग्न होईपर्यंत. आठवड्याभरात माझा बोरू दादाच्या दप्तरात दिसला.

आणि नंतर ती गोष्ट तुम्ही हसून सांगायला लागलात, ते तर मला कधीच पचलं नाही. कोणी पाहुणा आला, पोथ्या बघायच्या म्हणाला, की तुम्ही माझ्याकडे बोट दाखवायचात: "हिनं एक पान बंदराला खाऊ घातलं. बंदर विद्वान झालं, ही राहिली." पाहुणे हसायचे. मी चहा ठेवून आत जायचे. माझ्या नवऱ्यालासुद्धा तुम्ही हे लग्नाच्या मांडवात ऐकवलंत, आणि त्यानं ते माझ्यावर आयुष्यभर वापरलं. तुमच्या शेवटच्या आजारपणात डॉक्टर घरी आले, त्यांनाही ऐकवलंत. मला राग यायचा, पण वाटायचं, चूक तर माझीच आहे. पाठ वळवून वाचत बसलेली मीच होते.

तर ती पोथी मी जुन्या मॉनिटरवर उतरवली. तो मॉनिटर चौकोनी, दादाच्या ऑफिसातून निघालेला. पोथीचं पान लांबट. अक्षर वाचता येईल इतकं मोठं करावं तर दोन्ही टोकं पडद्याबाहेर. ओळ संपेपर्यंत पान सरकवत न्यायचं आणि पुन्हा मागे यायचं. टोकांना बघायची सवयच राहिली नाही, आणि पानाचा आकडा तर टोकालाच असतो. मी वाट बघत होते की कुठेतरी अर्थ तुटेल, एक श्लोक अर्ध्यात राहील, तिथे माझी चूक असेल. दोन महिने रोज बसले. कुठेच काही तुटलं नाही. पोथी संपली. आणि तात्या, मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, मला तुटलेलं कळलंच नाही. सात वर्षं शिकले असते तर कळलं असतं. हा दोषही मी आपल्याच पदरात घेतला.

मग संस्थेतून फोन आला. "मैडम, हाशिये की टिप्पणियाँ छूट गई हैं, वो भी चाहिए." समासातल्या टिपा. म्हणजे पानांची टोकं. चौकोनी पडद्यावर पुन्हा सगळी पोथी सरकवत बसायची माझ्या मानेची तयारी नव्हती, म्हणून सिगऱ्याला गेले.

दुकानदार माझ्याच वयाचा, पान खाऊन बोलणारा. मी पडद्यावर वीत ठेवून मोजायला लागले. पोथीचं पान एक वीत आणि चार बोटं, हे माप तुम्हीच शिकवलेलं. तो हसायला लागला. "दीदी, परदे का कपड़ा थोड़े ले रही हैं. ये कोने से कोने तक नापा जाता है. बच्चों के गेम के लिए चाहिए?" मी म्हटलं, "नहीं भइया, पोथी पढ़नी है. पूरा पन्ना एक बार में दिखे." त्यानं तोंडातलं पान एका गालात सारलं आणि चोवीस, सत्तावीस, वाकड्या पडद्यांचे, असे एक एक दाखवत सुटला. मी प्रत्येकाला नाही म्हणत गेले तसा त्याचा आवाज उतरत गेला. शेवटी त्यानं काउंटरवर चालू असलेलाच काढून दिला. "डिस्प्ले पीस है, कोने में एक बिंदी मरी हुई है, इसीलिए सस्ता दे रहे हैं. आपका पुराना सीपीयू है न? इसमें नीली पिन वाली तार भी लग जाएगी. आजकल वाले में कहाँ मिलती है." ती मेलेली बिंदी, कधी न उजळणारा ठिपका, मी बघितली. उजव्या कोपऱ्यात, खसखशीएवढी. तेवढी चालेल म्हटलं. मैदागिनपर्यंत ई-रिक्शा, पुढे गल्लीतून खोका छातीशी धरून. चौखंब्याला एक सांड आडवा बसला होता, त्याला वळसा घालताना खोका भिंतीला घासला.

तार जोडली, पोथी उघडली. अख्खं पान एका नजरेत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, समासासकट. तुम्ही मांडीवर धरायचात तसं. खरं सांगते, क्षणभर मला आनंद झाला. मग मी टिपा उतरवायला घेतल्या. पणजोबांच्या नऊ, तुमच्या पाच. तुमचं अक्षर मी कुठेही ओळखीन. त्यातली चौथी सदतिसाव्या पानावर.

सदतिसावं पान आहे, तात्या. पणजोबांच्या हातचं, मूळचं, कडेला कुठे दातसुद्धा लागलेला नाही. आणि उजव्या समासात तुमचं बारीक अक्षर: "हे पान हरवले असे समजलो होतो. गेल्या वर्षीच्या पंचांगात मिळाले. खूण म्हणून मीच घातले होते." खाली तिथी, त्याच वर्षीच्या माघातली.

चार महिने. आश्विनात चोर सोडून संन्याशाला सुळी दिलीत, आणि माघात चोर सापडला तेव्हा मूग गिळून बसलात. त्या माघात मी स्वयंपाकघरात मटार सोलत होते. भिंतीपलीकडे दादा चुकत होता, आणि त्याची चूक मला इकडे कळत होती. तुम्ही जेवायला आलात, मटार-पोह्यांचं चूडा-मटर खाल्लंत आणि "मटार गोड आहेत" म्हणालात. एवढंच. मी चार हातांवर बसले होते. तेव्हा म्हणाला असतात तर मी मटार टाकून त्याच मिनिटाला आत येऊन बसले असते, रागसुद्धा धरला नसता. आणि पाहुण्यांना ती माकडाची गोष्ट तुम्ही माघानंतर सांगायला लागलात, हे मी आता हिशेब लावल्यावर कळतंय. डॉक्टरांसमोर तुम्ही हसलात तेव्हा तुम्हाला माहीत होतं. मी तुमच्या उशीखाली हात घालून तुम्हाला बसतं करत होते तेव्हा.

तुम्ही पोथीशी कधी खोटं बोलला नाहीत. तिच्या समासात तिथीसकट कबुली लिहिलीत. तीन वाक्यं आहेत, मी शंभरदा वाचली. पंचांग आहे, खूण आहे, तुम्ही आहात. मी त्यात नाही. मला माफ करा असं नको होतं मला, वडलांनी कुठे माफी मागायची. नुसतं "मुलीचा दोष नव्हता" एवढं चाललं असतं. जागा होती, तात्या. बावीस इंचांवर नीट दिसतं, खाली दोन ओळींची जागा कोरी आहे.

काल मी टिपांची फाइल संस्थेला पाठवली. नियम असा आहे की समासात जे दिसेल ते जसंच्या तसं उतरवायचं, आपलं मत चालवायचं नाही. मी तेरा टिपा उतरवल्या. सदतिसाव्या पानावरची नाही. कोणी विचारलं तर सांगेन, माझ्या पडद्याचा तेवढा कोपरा मेलेला आहे, दिसलं नाही. तुमचं नाव राखायला केलं असं समजू नका, तेवढी चांगली मी राहिलेली नाही. ती टीप कोणा परक्यानं वाचायची नाही; तुम्ही ती माझ्यासाठीच लिहून ठेवली होतीत, असं मी धरून चालले आहे. माझ्यासाठी नव्हती लिहिलीत, हे मला माहीत आहे.