काही नाही, अशक्तपणा आहे

१२ ऑक्टोबर, ब्लँचर्डस्टाउन
पोचले एकदाची! गावाकडच्या ओळखीतल्या सतीशदादांच्या घरात वरची खोली मिळाली आहे. सुरेखावहिनींनी आल्या आल्या वरणभात वाढला आणि मीही लाज न बाळगता दोनदा भात घेतला. त्यांची तन्वी इथेच वाढलेली. आपण मराठीत विचारावं आणि तिनं आयरिश हेलात इंग्रजीतून उत्तर द्यावं. कप कुठे म्हटलं, तर म्हणे प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात. सोमवारपासून हॉस्पिटल, मेंदू-मज्जातंतूंचा वॉर्ड. घरात डॉक्टर आली म्हणून दादा भलतेच खूश आहेत.

१९ ऑक्टोबर
आज आमच्या मोठ्या डॉक्टरांनी खुर्ची ओढून एका पेशंटला सरळ सांगितलं: मज्जातंतूंचा आजार आहे, बरा होणार नाही. आधी हात जातील, मग पाय, मग बोलणं, शेवटी श्वास. पेशंटनं चक्क त्यांचे आभार मानले. मला संताप आला. आपल्याकडे नातेवाइकांना बाहेर नेऊन सांगतात, ही काय पद्धत झाली!

संध्याकाळी दादांनी हात पुढे केला. शर्टाची बटणं लागत नाहीत म्हणाले. अंगठ्याजवळ खळगा पडलाय आणि कातडीखाली स्नायू फडफडतायत. मी ओळखलं. माझा चेहरा बघून वहिनींनीही ओळखलं. मला किचनमध्ये नेऊन म्हणाल्या, तन्वीची परीक्षा होईपर्यंत त्यांना काही सांगू नकोस, तुझ्या पाया पडते. मी परत येऊन हसत म्हटलं, काही नाही, अशक्तपणा आहे, बी-ट्वेल्व्ह घ्या. दादा इथल्यासारखंच म्हणाले, ‘ग्रँड!’, म्हणजे ठीक.

२६ ऑक्टोबर
दादांनी आज सगळी बटणं स्वतः लावली आणि घरभर मिरवून दाखवली. खळगा भरून आलाय. असं होत नसतं, या आजारात तर नाहीच. माझंच निदान चुकलं म्हणायचं आणि काय! मला मात्र सकाळी खोलीची किल्ली फिरवता आली नाही.

३ नोव्हेंबर
चेरीवूडच्या त्यांच्या ऑफिसात जिना चढताना पाय अडखळतो, म्हणून दादांनी मधे पुन्हा विचारलं होतं. मी तेच उत्तर दिलं. आता ते शॉपिंग सेंटरपर्यंत पायी जाऊन येतात आणि माझ्या पायातली चप्पल सटकते. माझ्या अंगठ्याजवळ खळगा आहे. वॉर्डात मी हात खिशात घालून फिरते. पेशंटचे हात तपासणारी बाई स्वतःचा हात लपवते. शरम वाटते.

१७ नोव्हेंबर
हे माझ्या खोट्यामुळेच होतंय का, याची आज खात्री करून घेतली. जेवताना सुरुवात केली, दादा, खरं म्हणजे हा मज्जातंतूंचा आजार... आणि माझा अंगठा सरळ झाला. दादांच्या हातातला चमचा आमटीत पडला. मी घाईघाईनं म्हटलं, छे, काही नाही, अशक्तपणाच आहे. अंगठा परत आत वळला.

चमचा पडला तेव्हा मला आनंद झाला होता. हे लिहितानासुद्धा मान वर होत नाही.

२९ नोव्हेंबर
कामावर जात नाही. पेन मुठीत धरून कसंबसं खरडते. वहिनी भरवतात. नजर देत नाहीत. त्यांना कळलंय – रोज संध्याकाळी त्याच दादांना वर पाठवतात, स्वतःच्या तब्येतीचं विचारून या म्हणतात. आणि मी – रोज तेच –
आज खरं सांगणार होते. जीभ वळली नाही.

४ डिसेंबर
दादा शेजारी बसले. मला काय झालंय, मी कसंबसं विचारलं. डोक्यावरून हात फिरवून म्हणाले, काही नाही गं, अशक्तपणा आहे.

५ डिसेंबर
अक्षर बघा माझं! उठले, चालले, घास चावून खाल्ला. पोटभर खाल्लं. खाली सोफ्यावर दादा बसलेत, हातातून चहा सांडलाय, आणि मी वर पोटभर खाल्लं.

जिन्यावर बसून लिहितेय. दादांनी खालून हाक मारली, मला काय झालंय ते एकदा खरं सांग म्हणाले. वहिनी त्यांच्या मागे हात जोडून उभ्या आहेत. आज मी सांगणार. खरं सांगणं हाच डॉक्टरचा धर्म – नाही, ते कारण नाही. मला माझे हात हवेत. म्हणून सांगणार.

तन्वी पायरीवर आली. आज पहिल्यांदाच मराठीत बोलली. ताई, बाबांना काय झालंय?

दादा ऐकत होते. आणि माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं – काही नाही गं, अश

पेन धरव