रक्तातलं दुखणं

३ फेब्रुवारी

परत उजवी बाजू! तक्रार-कक्षात हेडफोन लावला आणि कानशिलावर घण पडायला लागले. पलीकडून एक बाई वीज गेल्याचं सांगत होती. तिचा पत्ता लिहिता लिहिता कचऱ्याच्या टोपलीत ओकले. साहेब म्हणाले, "डोकं काय, सगळ्यांचंच दुखतं. अशा रजा घेतल्यात तर तुमच्या जागी दुसरं कुणी बसवावं लागेल." घरी ह्यांचं नेहमीचं — "जरा मन रमव."

मन! जसं काही मी ते कुठे ठेवून विसरलेय.

९ फेब्रुवारी

मोठ्या दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरबाई अर्धशिशीवर संशोधन करतायत. रक्तात सेरोटोनिन नावाचं एक द्रव्य असतं म्हणे. काही जणांचं ते ऐन दुखण्यात घसरतं, असा त्यांचा अंदाज. म्हणून रक्त दोनदा हवं — एकदा बरं असताना, एकदा कळ उठल्यावर. "पण तेव्हा रक्त काढेपर्यंत गोळी घ्यायची नाही. जमेल?"

हो म्हटलं. बऱ्या दिवसाचं आजच देऊन आले.

१७ फेब्रुवारी

दुखत नाही. आयुष्यात पहिल्यांदा मेलीची वाट बघतेय!

२२ फेब्रुवारी

आली. गोळी हातात घेतली, ठेवून दिली. ह्यांना म्हटलं, दवाखान्यात न्या. वाटेत ऊन टाचण्यांसारखं टोचत होतं. डॉक्टरबाईंनी आधी पडदे ओढले, मग आवाज खाली आणला. "झालं हं, झालंच." सुई कळलीसुद्धा नाही. कुणीतरी हळू बोललं म्हणून रडले. हे दाराशी उभे, हातात माझ्या चपला.

६ मार्च

दुखण्यातलं सेरोटोनिन बरंच खाली आलंय! डॉक्टरबाई सावध — "एकट्या तुमच्यावरून काही सिद्ध होत नाही. ते घसरतं म्हणून दुखतं, की दुखतं म्हणून घसरतं, तेही नक्की नाही." नसू दे. माझं दुखणं काचेच्या नळीत सापडलं!

तपासणीचा कागद ह्यांच्यापुढे ठेवला. बराच वेळ वाचत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे खरंच होतं तर."

चौदा वर्षं झाली लग्नाला. आनंद व्हायला हवा होता. कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

७ मार्च

साहेबांनी कागद उलटसुलट करून पाहिला. कळलं काहीच नसणार. तरी म्हणाले, "मागच्या खोलीत बसा. लेखी तक्रारी बघा." हेडफोन सुटला.

१९ मार्च

लेक भरदुपारी शाळेतून परत. बाईंनीच पाठवली. "आई, फळा अर्धाच दिसत होता. कडेला नागमोडी काहीतरी चमकत होतं. आता इथे ठणकतंय." डावी बाजू. नऊ वर्षांची आहे. जवळ घेतलं, विचारलं, "याआधी कधी झालं होतं?"

"पुष्कळदा. तुझंच कुणाला खरं वाटत नव्हतं, मग माझं कसं वाटेल, म्हणून नाही सांगितलं."