पियानोच्या वाट्याचं पाणी

बाई, तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होत आली आणि मी आज तुम्हाला लिहायला बसले आहे. वेड लागलं का गं तुला, असं विचाराल. तसंच समजा. नांदेडला माझ्या घराच्या पुढच्या खोलीत तुमचा पियानो उभा आहे, आणि त्याच्या बंद झाकणावरच कागद ठेवून मी लिहितेय. तुम्ही असता तर बोटांवर पट्टी बसली असती. झाकणावर चहाचा कप टेकवला म्हणून तुम्ही एकदा पोस्टमनलासुद्धा झापलं होतं, आणि तो बिचारा कप हातात धरून उन्हात उभ्याउभ्या चहा प्याला होता.

काल दुपारी एक पोर शिकायला आली होती. नऊ वर्षांची आहे, मुदखेडहून आईबरोबर रेल्वेनं येते. मी तिला तुमच्याच पद्धतीनं शिकवते. आधी चाल आत ऐकायची, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि ती आत पुरती वाजली की मगच पियानोच्या पट्टीला बोट लावायचं. तुमची ती संथ चाल मी तिला दोनदा वाजवून दाखवली होती, एकही सूर न गाळता. काल ती डोळे मिटून बसली आणि आत ऐकत ऐकत हळूच गाऊ लागली. मधल्या धैवतापाशी आली आणि गप्प झाली. एका सुराएवढी जागा रिकामी सोडून पुढचं बरोबर गायली. परत गायला लावलं, परत तेच. बाई, माझ्याही आत तो सूर वाजत नाही. हैदराबादच्या कारागिरानं पियानो दुरुस्त केल्यापासून तो ध कसा ठणठणीत वाजतो, पण तो बाहेर. आत त्या जागी काही नाही. हे मी जन्मात कुणाला बोललेले नाही, मग त्या एवढ्याशा पोरीला कुठून कळावं? मी तिला विचारलं, "तिथं का थांबलीस गं?" ती काय म्हणाली ते मी शेवटी लिहीन. आधी मला जरा धीर येऊ दे.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. नव्या कलेक्टर कचेरीत कारकून हवे होते म्हणून वडिलांची नांदेडहून बदली झाली. फायली उस्मानाबादेहून ट्रकनं यायच्या आणि वडील दिवसभर जुन्या कागदांवरचं उस्मानाबाद खोडून लातूर लिहायचे, संध्याकाळी घरी येऊन शाईची बोटं चुन्यानं घासायचे. आईला ते गाव बिलकुल पटलं नाही. "जिल्हा करून ठेवला, पर नळाला पाणी कुठं हाय?" असं ती येईल त्याला विचारायची, जसं काही येणाऱ्यानंच जिल्हा केला होता. आम्ही आलो त्या साली पाऊस रुसला आणि पुढच्या साली तर आलाच नाही. आम्ही आप्पांच्या आडत दुकानामागच्या खोल्यांत भाडेकरू होतो. कपाळाला भस्माचे पट्टे, खिशात सतत खडीसाखर, असे ते आप्पा. शेवटच्या खोलीत तुम्ही होता, मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, पांढऱ्या साडीतल्या. तुमच्या पियानोला सगळे 'बाईंची मोठी पेटी' म्हणायचे.

मी अकरा वर्षांची होते. दारातून सारखी डोकावते म्हणून एके दिवशी तुम्ही मला आत ओढलंत आणि त्या काळ्या धुडासमोर बसवलंत. मी झाकणाला हात घातला तर तुम्ही कुलूप दाखवलंत. "वाजवायला नाही बोलावलं तुला. ऐक." मी म्हटलं, "कुठं काय वाजतंय?" तुम्ही म्हणालात, "तेच तर. वाजत नाही तेव्हाच ऐकायचं असतं." मला वाटलं, म्हातारी सटकलेली दिसते. तीन महिने, बाई, तीन महिने तुम्ही मला पट्टीला शिवू दिलं नाही. एक ओळ तुम्ही गुणगुणायच्या आणि मी भिंतीकडं तोंड करून ती आत वाजवायची. मी खोटंच 'वाजली, वाजली' म्हणायचे. तुम्ही माझ्या मानेकडं बघून सांगायच्या, "नाही वाजली. बाहेर पाहिजे तेवढं खोटं बोल, पोरी. आत खोटं वाजत नाही."

आणि मग एका दुपारी ती वाजली. बाहेर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही, पत्रे तापून तडतड करतायत, तुम्ही खुर्चीत मान टाकून झोपलेल्या. आणि माझ्या आत पियानो सुरू होतो. आठवत नव्हते मी, बाई, ऐकत होते, एकेक सूर गोल आणि ओला. मी घाबरून मागं बघते तर तुमचे डोळे मिटलेले आहेत आणि मांडीवर तुमची बोटं माझ्याच लयीत हलतायत. ओळ संपते, बोटं थांबतात. "शेवटी घाई केलीस," तुम्ही डोळे न उघडता म्हणता. मी तिथून जी पळत सुटले ती थेट आईच्या पदराशी. आई म्हणाली, "भर दुपारचं हिंडून राहिलीस, काय तरी बघितलंस म्हण की." दुसऱ्या दिवशी मी परत आले. तुम्ही कुलूप काढून ठेवलं होतं.

त्यानंतर आपला तो खेळच झाला. तुम्ही बंद झाकणावर बोटं चालवायच्या, लाकडावर नुसती टकटक, आणि मी सांगायचं की चूक कुठं झाली. मला चूक ऐकू यायची. आज हे लिहिताना माझाच माझ्यावर विश्वास बसत नाही, पण यायची. भीती वाटायची आणि तरी तीन वाजले की माझे पाय आपोआप तुमच्या दाराशी.

दुष्काळात तुमच्या पियानोचं लाकूड आटायला लागलं. तुम्ही मला समजावलंत की आतल्या खुंट्या लाकडात घट्ट बसलेल्या असतात, लाकूड सुकलं की खुंटी सैल होते, तार ढिली पडते आणि सूर मरतो. म्हणून पियानोच्या पोटात, खालची फळी काढून, पाण्याचं जर्मलचं पातेलं ठेवायचं. रोज एक तांब्या. तुमचे गुडघे गेलेले, तुम्हाला खाली बसता येईना, म्हणून ते काम माझं. फळी काढायची, अंधारात डोकं घालायचं, पाणी ओतायचं. आत नुसता श्वास सोडला तरी तारा हलक्या आवाजात उत्तर द्यायच्या. टँकर आठवड्यातून एकदा, घागरीवरून बायकांची डोकी फुटायची बाकी, आणि तुम्ही लाकडाला पाणी पाजत होता. आई तर चवताळलीच. "माणसाला प्यायला न्हाई अन् ही बाई पेटीला पाजून राहिली! पाप लागंल तिला." आप्पांनीही तुम्हाला हात जोडून सांगून पाहिलं. तुम्ही म्हणालात, "माझ्या वाट्यातलं देते आहे, आप्पा. दुसऱ्याचं घेत नाही."

आता ऐका. ते पाणी मी ओतलं नाही. तुम्ही वर खुर्चीत बसलेल्या, मी फळीआड, तुम्हाला दिसायचं नाही. माझा धाकटा भाऊ त्या उन्हाळ्यात तापानं फणफणला होता, त्याचे ओठ फुटले होते. मी तांब्या ओढणीखाली लपवून घरी न्यायचे आणि त्याला पाजायचे. असे दहा-बारा दिवस. तुम्ही विचारायच्या, "ओतलंस?" मी म्हणायचे, "हो बाई." एवढ्या वर्षांत मी स्वतःला हेच सांगत आले की भावासाठी केलं, त्यात काय चुकलं? कुठल्याही बहिणीनं तेच केलं असतं.

मग तो दिवस आला. तुम्ही ती संथ चाल वाजवत होता आणि मधल्या ध वर बोट पडलं तेव्हा सुराऐवजी ठक् असा आवाज आला, दारावर कुणी थाप मारल्यासारखा. तुम्ही परत दाबलं. परत ठक्. तुम्ही माझ्याकडं वळलात. आता पट्टी घेतील, हाकलून देतील, आईला सांगतील, असं मला वाटलं. तुम्ही एवढंच म्हणालात, "आतलं तरी सांभाळ." आणि तो सूर सोडून चाल पुरी केली. दुसऱ्या दिवशी मी आले तर पियानोशेजारी दोन तांबे ठेवलेले. एक उघडा, दुसऱ्यावर फुलपात्र पालथं घातलेलं. "हा पियानोचा," तुम्ही म्हणालात, "आणि हा तुझा." तुमच्या स्वतःच्या ओठांना तेव्हा चिरा पडल्या होत्या, बाई. मी बघितल्या होत्या. बघूनही मी तो तांब्या घेतला.

पुढच्या वर्षी वडिलांची बदली परत नांदेडला झाली. निघताना मी तुमच्या पाया पडले आणि तोंडावर आलेलं गिळून टाकलं. नांदेडला नळाला गोदावरीचं पाणी. एका दुपारी मी नळाखाली भांडी घासत होते, आणि वाहत्या पाण्याच्या आवाजात ती चाल सुरू झाली. माझ्या आत, पण मी वाजवत नव्हते, दुसरंच कुणीतरी वाजवत होतं. माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं. धैवताची जागा रिकामी गेली, चाल शेवटाला पोचली आणि थांबली. मी नळ बंद केला. चार दिवसांनी आप्पांचं कार्ड आलं, तुम्ही त्याच दुपारी गेलात. पियानो मला द्यायला तुम्ही सांगून गेला होतात. आप्पा स्वतः टेम्पोत बसून घेऊन आले, आणि चहा पिता पिता बशीकडं बघत म्हणाले, "पोरी, खोलीचं कुलूप माझ्याकडंच होतं. तरी दोन दिस दुपारचं आत वाजून राहिलं होतं. मी दार उघडाया गेलो न्हाई. म्हटलं, बाईंचं काय तरी राहिलं असंल, होऊ दे पुरं." मी आप्पांना विचारलं नाही की मधे एक सूर सुटत होता का. मला माहीतच होतं.

तर आता ती पोर काय म्हणाली ते. मी विचारलं, "तिथं का थांबलीस?" तिनं डोळे उघडले नाहीत. कान दिल्यासारखी मान जरा कलती केली आणि म्हणाली, "मॅडम, तिथं ना, कुणीतरी पाणी पिऊन राहिलंय. लपून. लई घाईघाईनं." आणि घशानं करून दाखवलं, गटक गटक. मी तिला काल अर्ध्या तासातच घरी पाठवलं. तिची आई विचारत होती, काय चुकलं का हिचं? मी म्हटलं, नाही हो, तिचं काही नाही चुकलं.

बाई, भाऊ त्या उन्हाळ्यात लातुरात नव्हताच. पाण्याचे हाल म्हणून आईनं त्याला नायगावला मामाकडं धाडलं होतं, शाळा उघडेपर्यंत. त्याला ताप आला नव्हता. त्याचे ओठ फुटले नव्हते. पाणी मी प्याले. फळीआड, तुमच्या पियानोच्या पोटात डोकं घालून, रोज. तिथं नुसत्या श्वासानं तारा बोलायच्या, आणि वर हातभरावर तुम्ही बसलेल्या, तुम्ही, ज्यांना माझ्या मनातली घाईसुद्धा ऐकू यायची. पहिल्या दिवसापासून एकेक घोट तुम्ही ऐकला असणार. घरी न्यायच्या तांब्यावर प्यायला फुलपात्र कुणी ठेवतं का? हे मला तेव्हाही कळलं होतं. म्हणून तर मी भाऊ आजारी पाडला.

त्या पोरीला उद्या परत बोलावलंय. तिला सगळं सांगावं लागेल, नाहीतर ती पुढं शिकवेल त्या पोरींच्याही आत मी पाणी पीत बसेन. हा कागद घडी करून खालच्या फळीआड ठेवणार आहे, पातेल्याशेजारी. टपालात टाकायला तुमचा पत्ता कुठं आहे माझ्याकडं? पातेलं मी अजून रोज भरते. नांदेडला पाण्याची ददात नाही, आणि कारागीर म्हणतो आता गरजही नाही, पण भरते. आणि एक राहिलं. तुम्ही दिलेल्या त्या दुसऱ्या तांब्यातलं पाणी प्याल्यावरसुद्धा, बाई, मला तहान होती, आणि पियानोचाही तांब्या मी अर्धा प्याले.