चार बोटांचा रिमोट

१२ जाने., सोम.
सुट्टी. माळ्यावरनं रिमोटची गाडी काढली. कागलला कारखान्यात प्रेसमशीननं डाव्या हाताचं बोट नेलं त्याला सात महिने झाले, तेव्हापासनं खोक्यातच होती. पुसली, बॅटरी चार्ज केली, गच्चीवर नेली. रिमोट पिस्तुलासारखा डाव्या हातात धरला, उजवा हात वळवायच्या चाकावर ठेवला आणि कळलं. ट्रिगर दाबायचं बोट तेच गेलेलं, अंगठ्याशेजारचं. एवढे दिवस हे कसं डोक्यात आलं नाही? मधल्या बोटानं दाबून बघितलं. नीट पोचत नाही. हळू सोडायची गाडी सुसाट सुटली आणि पाण्याच्या टाकीवर आपटून उलटी. वंदना कपडे वाळत घालत होती. दचकली. मग मी हसतोय बघून तीपण हसायला लागली. बऱ्याच दिवसांनी दोघं एकदम.

१५, गुरु.
संध्या. इसाकभाई आले. शिवाजी पेठेत गाड्यांची सीट कव्हरं शिवतात. रविवारी मैदानात या रिमोटच्या गाड्यांच्या शर्यती, त्यात दहा वर्षं आमचीच चुरस.
"काय पावणं, वळख हाय का?"
म्हटलं, रिमोट हातात बसत न्हाय, आता काय येणार.
"मग रिमोट बदल की! हात बदलता येतोय व्हय?"
वंदनानं चहाच्या कपात तोंड लपवलं. रविवारी नुसतं बघायला येतो असं कबूल केलं. नुसतं बघायला.

१८, रवि.
नुसतं बघायला गेलो आणि दोन तास चालवून आलो. मैदानात पाटील मास्तरांचा रिमोट वेगळा, दोन दांड्यांचा. डाव्या अंगठ्यानं पुढं-मागं, उजव्यानं वळवायचं. अंगठे दोन्ही शाबूत, म्हटलं जमलंच. कशाचं काय. गाडी लांब जाताना ठीक. आपल्याकडं तोंड करून आली की डावं-उजवं उलटं होतं. चाकाच्या रिमोटवर हे हाताला आपोआप कळायचं, दांडीवर विचार करावा लागतो. आणि विचार होईपर्यंत गाडी टायरांच्या ढिगात. तीन फेऱ्यांत पाच कोलांट्या. सगळे हसले. मी सगळ्यांत मोठ्यानं.
घरी येताना लक्षात आलं, आज डावा हात खिशात लपवलाच नव्हता.

२२, गुरु.
कामावरनं थेट राजारामपुरीतल्या दुकानात. तिथला पोरगेला मालक ट्रान्समीटर म्हणतो, रिमोट म्हटलं की हळूच दुरुस्त करतो. त्यानं एक दाखवला, ज्याचं चाक काढून दुसऱ्या बाजूला बसवता येतं. म्हणजे रिमोट उजव्या हातात, ट्रिगर उजव्या बोटाला आणि चाक डाव्या हातानं फिरवायचं. चाकाला चार बोटं रग्गड. "पंधरा दिवस वापरून बघा काका, नाही आवडला तर परत आणा."
गाडीतला रिसीव्हरपण त्याच्याच जोडीचा बसवायला लागतो. घरी रिमोट आणि रिसीव्हर, दोघांची ओळख करून दिली. लाल दिवा लुकलुकला, लुकलुकला आणि एकदाचा स्थिर झाला. वंदना म्हणाली, "लागलं लग्न."

२५, रवि.
डाव्या हातानं चाक म्हणजे डाव्या हातानं सही. पहिल्या फेऱ्या लाजिरवाण्या. पण दहावी-अकरावी बरी गेली, आणि एक वळण तर असं सुंदर की मास्तर ओरडले. इसाकभाई मात्र गाडी बघायची सोडून माझा हात बघत होते. निघताना जुना रिमोट मागून घेतला. कशाला म्हटलं तर, "दे रं दोन दिवस. खात न्हाय."

२६, सोम.
सुट्टी. इसाकभाईंनी दुकानात बोलावलं. माप घ्यायचंय म्हणाले. खुर्चीवर बसवून माझा डावा हात मांडीवर घेतला आणि बोटाच्या उरलेल्या थोटकावर टेप धरली. डॉक्टर आणि वंदना सोडून कुणाला हात लावू दिला नव्हता. अंग आखडलं. त्यांनी वर बघितलंच नाही. "दुखतंय?" "न्हाय." "मग सैल सोड की." सोडला. सीटचं माप घ्यावं तसं सगळं घेतलं, मुठीचा घेर, मधलं बोट कुठं येतंय ते. शिवायच्या कातड्याच्या तुकड्यावर खडूनं खुणा.
घरी येऊन वंदनाला सगळं सांगितलं.

२८, बुध.
इसाकभाईंकडनं जुना रिमोट परत आला. मुठीला जाड कातड्याचं आवरण, तळहात बरोबर बसतो. ट्रिगरला खाली कडक कातड्याचं कडं जोडलंय, मधलं बोट त्यात जातं. ओढलं की गाडी पळते, ढकललं की ब्रेक. टाके असे की बघत राहावं. जुना रिसीव्हर परत बसवला. गच्चीवर आठ आकडा काढला, टाकीला न शिवता.
इसाकभाईंना विचारलं, "एवढं कशाला केलं वो? मी न्हाय आलो तर पहिला नंबर तुमचाच की."
"कुणाला हरवून? मास्तरला?"

१ फेब्रु., रवि.
शर्यत. जुनाच नेला. शेवटच्या फेरीपर्यंत मी पुढं! शेवटच्या वळणावर इसाकभाई आतल्या बाजूनं घुसले आणि गाडीभर अंतरानं जिंकले. "आत्ता कसं!" म्हणून त्यांची मैदानभर बोंब. मी दुसरा. वंदना मुद्दाम आलेली, तिचा आवाज बसलाय. येताना तिघांनी मिसळ खाल्ली. डाव्या हातात पाव धरून खाल्ली, कोण बघतंय याचं भानच नव्हतं.

४, बुध.
दुकानदाराचा फोन. ठेवताय की आणताय काका?
संध्या. गच्चीवर दोन्ही चालवले. जुना हातात घेतला की मी पूर्वीचा मी. नवीन घेतला की शिकाऊ, पण रोज थोडा बरा. आज डाव्या हातानं असं एक वळण मारलं, जे उजव्यानं दहा वर्षांत मला जमलं नव्हतं. वंदनाला विचारलं, कुठला ठेवू? म्हणाली, "मला काय विचारता? मला द्या एक, मी पण येते रविवारी."
कुठला देऊ तेच कळेना.