भाऊजींची हाक

१० नोव्हें., सोमवार
बसने कंबरडं मोडलं. देवास गेटला उतरून ऑटो केली, बॅग ताईच्या दारात टाकली आणि चहाच्या आधी गच्चीवर गेले. ताई फोनवर म्हणाली होती, ‘समोर माकडं येतात गं.’ माकडं कसली, वानर! काळ्या तोंडाचे, लांब शेपट्यांचे, चांगला मोठा कळप. घरासमोर भैरवगढ़कडे जाणारा रस्ता, पलीकडे क्षिप्रेकाठची चिंचेची झाडं, आणि तिथे हे. गच्चीवरून दुर्बिणीतून सगळं दिसतं. आयुष्यभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं फळ्यावर. आता कुठे सवड मिळालीय. लांब बसायचं, गप्प बसायचं, काही द्यायचं नाही. दहा दिवस हेच करणार.

११, मंगळवार
स. सूर्य वर यायच्या आत गच्चीवर. थंडी. वानर झाडावर अंग चोरून बसलेले. एकीने दुसरीच्या पाठीतल्या उवा काढायला घेतल्या, मी श्वास रोखून पाहतेय, तेवढ्यात मागून भाऊजी टोपली घेऊन हजर. बायपासनंतर हळू चालतात, पण आवाज अजून ठणठणीत. ‘आऽऽओ रे आओ! राम का नाम लो, आओऽऽ!’

संपलं. सगळा कळप झाडावरून खाली, रस्ता ओलांडून थेट गच्चीत. पोळ्या, केळी, भिजवलेले चणे. पाच मिनिटांत गच्चीचं मंगल कार्यालय झालं. एकाने माझ्या मांडीवरची शाल ओढली.

‘घाबरू नको शैला, घरचेच आहेत,’ भाऊजी म्हणतात. मी घाबरले नव्हते, संतापले होते. पाव्हणी म्हणून गप्प बसले.

१२, बुधवार
एका मादीचा कान फाटलेला आहे. हिला मी कानफाटी म्हणते. तिच्या पोटाशी पिल्लू, कोळशासारखं काळं, फार तर दोन-तीन आठवड्यांचं. तिच्याकडून दुसरी घेते, दुसरीकडून तिसरी. सगळ्या मावश्याच. कानफाटी मधूनच हात लांब करून परत मागते. लांबूनच एक फोटो काढला, बरा आलाय. ताईने कौतुकाने मागितला, दिला. संध्याकाळी कळलं, भाऊजींनी तो कॉलनीच्या ग्रुपवर टाकला: ‘बाल हनुमानजी पधारे हैं.’ खाली हात जोडलेल्यांची रांग.

आणखी एक. हाक आली की रस्ता ओलांडताना हे गाड्या बघत नाहीत. आज एक लोडिंग ऑटो कचकन थांबली. भाऊजींना सांगितलं. ‘अगं, आठ साल झाले, रोज येतात. तू फालतू टेन्शन घेते.’

१३, गुरुवार
बोललेच शेवटी. भाऊजी, खायला घातलं की ते झाडपाला सोडतात, माणसाच्या हातावर झडप घालायला शिकतात, उद्या एखाद्या पोराला चावतील आणि मग पिंजरे येतील. त्यांचं भलं व्हावं असं वाटतं ना? मग नका देऊ.

पालथ्या घड्यावर पाणी. वर, ‘तुझ्या पुस्तकात भक्ती नसते का गं?’

दुपारी ताई पोह्यांवर जीरावन मसाला भुरभुरवत हळूच म्हणाली, ‘ऑपरेशननंतर पलंग सोडत नव्हते. पोरगी बेंगलोरला, तिचा फोन आठवड्यातून एकदा. वानरं येतात म्हणून हे सकाळी उठतात. तू चार दिवसांनी जाशील.’ राग आला, तिचा, त्यांचा, माझाही. पोहे मात्र दोनदा घेतले.

१४, शुक्रवार
आज रस्त्यापलीकडे गेले, एकटीच. नदीकाठी छपाईवाल्यांच्या रंगीत चादरी वाळत घातलेल्या. एक बाई काठी घेऊन राखण करत होती. म्हणाली, ‘गीले कपड़े पर पंजे छाप जाते हैं, फिर कौन ख़रीदेगा?’ तिलाही वैताग, पण तिचा वैताग समजण्यासारखा. तिच्याशेजारी बसले. वानर चिंचेचा कोवळा पाला खात होते, आमच्याकडे ढुंकूनही बघत नव्हते. तासभर अगदी मनासारखं गेलं. कानफाटी फांदीवर पाठ टेकून, पिल्लू तिच्या शेपटीला लोंबकळतंय.

मग पलीकडून हाक आली आणि झाड रिकामं. राखणवाली हसली, ‘दादाजी का बुलावा आ गया.’ तिला हसू येतं, मला नाही.

१५, शनिवार
लिहवत नाही. थोडक्यात.

शनिवार, म्हणून आज सगळ्या कॉलनीची केळी आणि गूळ-चणे आमच्या गच्चीत. भाऊजींनी नेहमीपेक्षा मोठ्याने आवाज दिला. कळप धावत सुटला. पिल्लू आज एका तरण्या मादीकडे होतं, तिला अजून नीट धरताही येत नाही. रस्त्याच्या मध्यावर ते सुटलं. मोटारसायकल. चालवणारा थांबलासुद्धा नाही.

कानफाटी गच्चीच्या कठड्यापर्यंत आलेली, तिथून परत फिरली. पिल्लू उचललं, छातीशी धरलं, चिंचेवर गेली. मी दुर्बिणीतून पाहिलं. हलत नव्हतं.

भाऊजी टोपली धरून तसेच उभे. मी त्यांना एक शब्द बोलले नाही. बोलले असते तर फार वाईट बोलले असते.

१६, रविवार
कानफाटी पिल्लाला सोडत नाहीये. त्याच्या अंगावरच्या माश्या हाकलते, केस साफ करते. उडी मारताना एका हातात धरते, ते खाली लोंबतं. असं करतात या. काही दिवस बाळगतात, मग आपणच कुठेतरी ठेवून निघून जातात. तिच्या वेळेने होऊ द्यायचं. आपण बघायचं, तेही लांबून, नाहीतर बघायचंच नाही.

पण कॉलनीला हे कोण सांगणार! संध्याकाळी खालच्या मजल्यावरचे तिवारीजी वर आले. अर्थी म्हणजे तिरडी निघणार, बँड येणार, नंतर भंडारा. ‘हनुमानजी का स्वरूप है, ऐसे सड़ने थोड़े ही देंगे.’ अडचण एकच, देह आईच्या हातात. त्यावरही उपाय काढलाय: मंगळवारी भाऊजींनी नेहमीसारखा आवाज द्यायचा, ती केळ्याला हात घालेल, तेवढ्यात दोघं तिघं चादर टाकून पिल्लू ओढून घेतील. ‘और किसी के बुलाने से आते नहीं, दादा. आप ही बुलाओ.’

जिवंत होतं तेव्हा एकाने गाडी हळू केली नाही. आता बँड! माझा आवाज चढला. तिवारीजींनी ‘दीदी, आप मेहमान हो’ असं अगदी नम्रपणे ऐकवलं. नाकाला मिरच्या झोंबल्या.

भाऊजी हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

१७, सोमवार
सकाळी हाक नाही. भाऊजी पलंगावरच. तरी कळप आपल्या वेळेला आला, कठड्यावर बसून राहिला, टोपली नाही हे पाहून गच्चीतली तुळस उपटून गेला. ताई रडवेली झाली, तुळशीसाठी की नवऱ्यासाठी कोण जाणे.

दुपारी त्यांच्या उशाशी बसले. भाऊजी, उद्या आवाज देऊ नका. ती तुमच्या आवाजावर विश्वास ठेवून येते. तिला असं फसवायचं?

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाले, ‘अंतिम संस्कार तर व्हायला पाहिजे ना, शैला? माझ्यामुळे गेलं ते. मी इतकं पण नाही करायचं?’

मला वाटत होतं त्यांना कळलंच नाही. कळलं होतं. ‘तिला करू द्या तिचं,’ एवढंच म्हणून उठले.

१८, मंगळवार
स. खाली बँडवाले, फुलांनी सजवलेली एवढीशी अर्थी. गच्चीत तिवारीजी आणि दोन जण चादर घेऊन पाण्याच्या टाकीमागे. भाऊजी वर आले, स्वेटर उलटा घातलेला. टोपली हातात. माझ्याकडे बघितलंच नाही. मी जिन्यापाशी उभी. हात जोडले असते, पण राग इतका होता की हात मुठीत.

त्यांनी आवाज दिला नाही. टोपली खाली ठेवली आणि स्टुलावर बसले.

‘दादा, बुलाओ.’

‘गला बैठा है.’ आवाज अगदी स्वच्छ होता.

मी मनात म्हटलं, जिंकलो. कसलं काय! वेळ झाली आणि कळप आलाच. आठ वर्षांची सवय, हाकेची गरज कुठे राहिलीय? एकेक करून कठड्यावर. शेवटी कानफाटी, हातात ते, आता वाळून चपटं झालेलं. टाकीमागे चादर सरकली.

भाऊजी उठले. पितळी ताट होतं चण्यांचं, ते उचलून कठड्यावर आपटलं. पुन्हा आपटलं. ‘हट! जाओ! भागोऽऽ!’ चणे चहूकडे. वानर क्षणभर हललेच नाहीत, त्यांना कळेचना. मोठा नर तर केळ्यासाठी हात पुढे करून उभा. मग तिसऱ्या आपटण्याला सगळे पळाले, कानफाटी सगळ्यांत पुढे. या वेळी रस्त्यावर मी धावले, दोन्ही हात पसरून गाड्या अडवल्या. एका ऑटोवाल्याने शिवी दिली. पोहोचले पलीकडे सगळे. तीही.

वर आले तर भाऊजी धापा टाकत जमिनीवर बसलेले, ताई त्यांची छाती चोळतेय. रडत होते. म्हणाले, ‘तो बघत होता गं माझ्याकडे. मोठा. हाथ करून.’

गोळी दिली. संध्याकाळी बरे.

१९, बुधवार
अर्थी रिकामीच निघाली काल, आणि आज भंडारा. पुरी, रामभाजी, गोड बुंदीची नुक्ती. चौकात हा मोठा फ्लेक्स, त्यावर कानफाटीचं पिल्लू, भोवती झेंडू आणि तिवारीजींसकट सगळ्यांचे फोटो. पिल्लाचा फोटो माझा, लांबून, नियम पाळून काढलेला. कानफाटी कापून टाकलीय, तिचा फक्त हात राहिलाय कडेला. हसावं की रडावं.

तिवारीजी भाऊजींशी बोलत नाहीत. प्रसाद मात्र वर पाठवला. ताईने ठेवून घेतला.

चिंचेवर कालपासून कोणी नाही. नदीकाठी जाऊन आले. राखणवाली म्हणाली, आगे निकल गए. किती पुढे, तिला माहीत नाही. कानफाटीच्या हातात काही होतं का विचारलं, म्हणाली, ‘इत्ता ध्यान नहीं दिया.’

२०, गुरुवार
निघायचं. पहाटे भाऊजी माझ्याआधी गच्चीवर. टोपली नव्हती, नुसतेच बसलेले, स्वेटर आज सुलटा. मी शेजारी बसले. दहा दिवसांत पहिल्यांदाच दोघं तिथे गप्प बसलो.

मग म्हणाले, ‘परत येतील ना गं?’

नाही आले तरच बरं, हे मी आल्यापासून घसा फोडून सांगतेय. आता तोंडातून निघेना. म्हटलं, थंडी आहे, आत चला.

ऑटो खाली आली. बॅग उचलताना चिंचेची वरची फांदी हलली. एकदाच. दुर्बीण बॅगेच्या तळाशी. भाऊजी उठून कठड्यापाशी गेले, तोंड उघडलं. ताईने त्यांच्या दंडावर हात ठेवला. मी थांबले असते तर ऑटोवाला निघून गेला असता. जिना उतरले.

ऑटोत बसूनही कान वरच होते. हाक आली नाही. आली असली तरी त्या गाड्यांच्या आवाजात ऐकू आली नसेल.